गोलातला आकडा

तात्या, तुम्ही गेल्याची बातमी मी आधी गोलातच टाकली होती. मंगळवारी दुपारी बारामतीला घरी जेवायला बसले होते आणि तिसऱ्याच कुणीतरी फोनवर सांगितलं, "अहो, इंदापूरचे तात्या गेले म्हणे." म्हणे! हा शब्द कानावर पडला की तुम्ही कसे उखडायचात. "कोण म्हणे? त्यानं बगितलं का? का त्यालाबी कुणीतरी म्हणेच?" अर्धं ताट तसंच ठेवून मी उठले, मिळेल ती एसटी पकडली. तुमच्या दारात चपलांचा ढीग दिसला. काकू भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. मग तुम्ही दिसलात. मनातला गोल मी खोडला आणि खाली रेघ मारली.

गोल आणि रेघ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्या चार लोकांना सांगायला हवं, आणि खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलेय. तुम्ही थोर होता, साधे होता, हे परवा कार्यक्रमात सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं, माइकवर, छान आवाज लावून. जे सांगायचं होतं ते मात्र गिळलं.

आपली गाठ पडली तेव्हा तुम्ही तालुक्याच्या कचेरीत आकडे जमवण्याच्या कामावरून निवृत्त झाला होता आणि मी पुण्याच्या संस्थेत नवी साहेबीण होते; आमच्या सर्वेक्षणाला तुम्हाला घेतलं होतं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचं पोट कशाकशावर चालतं, कुठल्या गावात ऊस, कुठं दूध, कुठं नोकरी, कुठं नुसती मजुरी, हे सगळं संगणकात मांडायचं, आणि एका ठिकाणी काही बदललं तर दुसरीकडं काय हलेल याचा अंदाज करायचा, असं आमचं काम. आम्ही त्याला मॉडेल म्हणायचो. तुम्ही 'उंटावरून शेळ्या' म्हणायचात. माझ्या तोंडावर म्हणायचात, वर चहाही माझ्याकडूनच घ्यायचात.

वडगाव निंबाळकरचा पहिला दिवस आठवतो? ओसरीवर बसून मी त्या बागायतदाराला विचारलं, जनावरं किती? तो म्हणाला, दोन. मी लिहिलं दोन. तुम्ही पाणी प्यायलात, "जरा पाय मोकळे करतो" म्हणत घरामागं गेलात आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणालात, "सहा करा." मी भडकले. लोक खोटं का सांगतील? तर तुम्ही हसलात. "ताई, कागद घिऊन आलेल्याला जनावरं कमी सांगायची आन् सोयरीक घिऊन आलेल्याला जास्त, ही आपल्याकडची रीतच हाय. त्याला खोटं म्हणू नये. पण तोंडाला इचारू नका, खुंट्याला इचारा. जनावर चरायला जातं, खुंटा कुठं जात न्हाय."

त्या दिवसापासून मी खुंटे मोजायला शिकले. आणि तुमच्या कागदांवरच्या खुणाही. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या आकड्याखाली रेघ मारायचात. घरच्यानं सांगितलेला आकडा नुसता ठेवायचात. आणि जो दुसऱ्याच कुणाकडून ऐकला, स्वतः गेलातच नाही, त्याच्याभोवती गोल काढायचात. पेन्सिलीनं, अगदी निगुतीनं. एकदा मी म्हटलं, तात्या, एवढं कशाला, आकडा तो आकडाच. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत.

"आमच्या वडिलांनी धम्म घेतला," तुम्ही म्हणालात, "तवा मोजणीला एक माणूस आला. म्हातारा ताठ बसून म्हणाला, लिवा, बौद्ध. त्यो व्हय व्हय म्हणाला आन् दुसरंच लिवून गेला. जुन्या जातीचं नाव. वडिलांना वाचता यायचं न्हाय, त्यामुळं कळलंबी न्हाय. शेजारच्या गुरुजींनी कागद बगितला म्हणून कळलं. लई दिवस त्यांचं जेवणावर मन न्हवतं. मला म्हणायचे, मी बोललो ते कुठं गेलं रं? म्हणून सांगतो ताई, कुणाचं काय आपण ऐकलं, काय बगितलं आन् काय आपल्या मनानं घातलं, ह्याची खूण ऱ्हायली पायजे."

काकूंनी तेवढ्यात पोहे आणले, आणि तुम्ही लगेच शेंगदाणे कमी पडल्याची तक्रार सुरू केलीत. असे होता तुम्ही. दुःख सांगितलं की पाठोपाठ काहीतरी खायला मागायचं.

आता माझी करणी सांगते. तुमचे कागद पुण्याला आले. तिथं तीन मुली दिवसभर आकडे संगणकात भरायच्या. आकडा टाइप होतो, गोल होत नाही. त्यातली एक बिचारी मला विचारायला आली होती, "मॅडम, ह्या गोलांचं काय करायचं?" आणखी एक रकाना करावा लागला असता, एवढंच. प्रत्येक आकड्यापुढं एक खूण. पण त्यासाठी सगळी मांडणी पुन्हा करायला लागली असती, चार दिवस गेले असते, आणि आमचं सादरीकरण तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, सोडून दे. तुमच्या पेन्सिलीचे सगळे गोल त्या एका वाक्यात गेले, तात्या. ऐकीव आकडा आणि डोळ्यांनी पाहिलेला आकडा एका पंगतीत बसले आणि कुणाला फरक कळेना.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही फोनवर कडाडला होता. "अवो, आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार?" मी म्हटलं, हजारो आकडे आहेत तात्या, पाचपन्नास चुकीचे असले तरी सरासरीत मिटून जातात. तुम्ही म्हणालात, "ज्याचं चुकतं त्याचं कुठं मिटतं?" मी फोन ठेवला. कानामागून आले आणि तिखट झाले, तसलीच मी.

आणि त्या पाचपन्नासात खालची वस्ती होती. नरसिंहपूरच्या अलीकडं, भीमा आणि नीरेच्या मधल्या बेचक्यातली तीसेक घरं. तुम्ही निघालात त्या दिवशी वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, ओढ्यावरचा पूल पाण्याखाली होता. तुम्ही अलीकडच्या गावात हॉटेलात बसलात आणि मला फोन केलात. "ताई, दोन दिवस द्या. पाणी उतरलं की जातो." मी म्हटलं, दोन तास नाहीत माझ्याकडं. कुणाला तरी विचारा आणि आकडा द्या. तुम्ही हॉटेलवाल्याला विचारलंत. तो म्हणाला, "तिकडं कुठली जनावरं? सगळा ऊसच हाय. असतील धा-अकरा." तुम्ही अकरा लिहिलंत आणि भोवती गोल काढलात. तो कागद मी नंतर शोधून काढला, माझ्या टेबलावर आहे. इतर गोलांपेक्षा तो जाड आहे. दोनदा गिरवलाय.

मग आमच्या मॉडेलनं आपली अक्कल चालवली. वस्तीत जनावरं अकरा, चहूबाजूंनी ऊस, म्हणजे इथले लोक ऊसवाले. ऊसवाले म्हणजे जमीनवाले, जमीनवाले म्हणजे बरं चाललेले. ऊस इंदापुरात राहणाऱ्यांचा होता, आणि वस्तीतली माणसं तो तोडून, त्याचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणून त्यावर गाई सांभाळत होती, हे त्याला कोण सांगणार? शेजारच्या दोन वस्त्यांचे आकडे अपुरे होते, तेही मी खालच्या वस्तीवरून बेतले. दुधाची तहान ताकावर. पडद्यावर नकाशा आला तेव्हा ती सगळी कड हिरवीगार दिसत होती. हिरवं म्हणजे सुखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनावरांचे दवाखाने कुठं काढायचे याची यादी त्या नकाशावरून निघाली, आणि खालच्या वस्तीच्या वाट्याचा दवाखाना लांब, भलतीकडं गेला.

पुढं जनावरांत लम्पीची साथ आली. दवाखाने होते तिथं लस आधी पोचली. खालच्या वस्तीत पोचायला उशीर झाला.

तुम्ही तेव्हाच आजारी होता. तरी मोपेड काढलीत, वस्तीवर गेलात, घर न् घर मोजलंत. संध्याकाळी मला फोन. आवाज एकदम बारीक. "ताई, त्यो अकरा गोलातला व्हता." मी म्हणाले, "तात्या, अहवाल गेला आता. छापून झाला." मग म्हणालात, "बरं. मी नव्या मोजणीचा फोटो पाठवलाय. बगा." आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक शब्द लिहिला, "पाहते." फोटो उघडलासुद्धा नाही. उघडला असता तर काहीतरी करावं लागलं असतं ना!

शेवटच्या महिन्यांत एकदाच आले तुमच्याकडं, मोसंबी घेऊन. तासभर बसले. आपण कशावर बोललो? एसटीच्या वेळा, माझ्या आईचे गुडघे, काकूंचं मेथीचं लोणचं. मी निघताना तुम्ही विचारलंत, "दवाखान्यांची दुसरी यादी कधी निघायची?" मी चपला घालत म्हटलं, "बघू." तुम्ही मान हलवलीत. तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात ना, की बाई, तुझ्यामुळं झालं, तर मी तिथंच बसले असते आणि रडले असते. पण तुम्ही म्हणालात, सांभाळून जा, हायवेला ट्रक लई हायती. फार राग येतो तात्या. तुमचाही येतो. एवढं कशाला चांगलं वागायचं माणसानं?

परवा तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक बोलले, मी बोलले ते वर सांगितलंच. खाली उतरले तर एक बाई पुढं आल्या. उन्हानं रापलेला चेहरा, धुतलेलं पांढरं लुगडं. "तुमीच का त्या पुण्याच्या मॅडम? मी कांता. खालच्या वस्तीवरची. तात्या लई सांगायचे तुमचं."

त्या मायेनं बोलत होत्या. "माणूस सोन्यासारखा हो. फकस्त आमच्या वस्तीचं त्यांच्या हातनं चुकलं. सवता यिऊन म्हणाले, कांताबाई, मी हितं न येताच आकडा लिवला. दवाखाना गेला तो माज्यामुळं. चूक माझी हाय. सगळ्यांम्होरं हात जोडले. अशी कबुली कोण देतं आजकाल?"

तात्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, संस्थेचं घेतलं नाहीत, गोलाचं घेतलं नाहीत. आणि त्यावर मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "हो, तात्या तसेच होते." लाज वाटते लिहायला. चुकीचं लिहिणारा माणूस म्हणून त्या वस्तीत तुम्ही राहणार होता, आणि मी मान डोलावून त्यावर शिक्का मारला. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्या मोजणीवाल्यानं जे केलं, तेच की मी तुमचं केलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेला पत्र लिहिलं. ऐकीव आकडे पाहिलेल्या आकड्यांत मिसळायचा निर्णय माझा होता, सर्वेक्षकाचा नव्हता. दुसरी यादी याच महिन्यात निघतेय आणि ती त्याच जुन्या आकड्यांवर निघतेय. ती थांबवा, गोलातल्या सगळ्या वस्त्या पुन्हा मोजा. सही केली. साहेबांचा फोन आला. "आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे? तुमचंच नाव आहे त्याच्यावर." मी म्हटलं, म्हणूनच. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. यादी निघेल, आणि माझं पत्र कुठल्यातरी फाइलीत पडेल. पण वाट बघत बसायचं नाही असं ठरवलं आणि आज सकाळी खालच्या वस्तीवर गेले.

कांताबाई अंगणात वाढं सोडवत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर धीर गेला असता. चूक तात्यांची नव्हती. त्यांनी गोल काढला होता, गोल म्हणजे 'मी पाहिलेलं नाही'. त्यांनी दोन दिवस मागितले होते, मी दिले नाहीत. गोल मी पुसला. तुमचा दवाखाना माझ्यामुळं गेला.

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. शिव्या देतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग त्ये जित्तं असताना का न्हाय सांगितलं?"

मी वाकून ती पेंढी उचलली आणि सोडवायला लागले.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता आलाय तर मोजून जा."

मी मोजायला लागले. तुमच्या पद्धतीनं, पहिल्या घरापासून, तोंडाला न विचारता. मागच्या अंगाला जायचं, खुंटे मोजायचे, लिहायचं, खाली रेघ. जनावरं बरीचशी नदीकडं चरायला गेलेली. शेवटी कांताबाईंच्या गोठ्यात आले. तीन गाई बांधलेल्या, खुंटे पाच. पाच लिहिलं, रेघ मारली.

"किती लिवलं?"

"पाच."

"तीन लिवा," त्या म्हणाल्या. "त्या दोघी लम्पीत गेल्या. त्यांचं खुंटं उपटायला माझा हात हुईना झालाय, म्हणून तसंच हायती." मग घरात गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "तात्यांनीबी आधी पाचच लिवलं व्हतं. मी सांगितलं तवा खोडलं. मग लई येळ त्या खुंट्यापाशी बसून ऱ्हायले. च्या केला, त्योबी प्याले न्हायत."

मी पाचावर काट मारली. मग पुन्हा पहिल्या घरापासून निघाले आणि प्रत्येक दारात विचारलं, यातले रिकामे किती? तुमचा नियम मोडला, तात्या. तोंडालाच विचारलं. कुणी एक सांगितला, कुणी दोन, एका म्हाताऱ्यानं चार. कुणीही लपवलं नाही. कुणीही वाढवून सांगितलं नाही. ऊन चढेपर्यंत माझ्या कागदावर काटच काट झाली.

परत येताना इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी लागायला अर्धा तास होता. बाकावर बसले, फोन काढला आणि तुमच्या नावापर्यंत खाली खाली गेले. "पाहते" या माझ्या शब्दाच्या वर तुमचा फोटो होता. उघडला. वाकडा काढलाय, एका कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय. तीसेक ओळी, प्रत्येक आकड्याखाली रेघ. गोल एकही नाही. शेवटची ओळ कांताबाईंची. पाच लिहिलेलं, खोडलेलं, शेजारी तीन. पेन्सिल तिथं इतकी दाबली गेलीय की कागद थोडा फाटलाय.

तात्या, आज पाहिलं.